झेंडू, हळद, पळस: घरी कापड रंगवताना या चुका टाळा

दसरा-दिवाळीनंतर उतरवलेल्या तोरणांचा झेंडू पातेल्यात उकळायचा, पांढरा सुती कुर्ता त्यात बुडवायचा आणि केशरी रंगाची वाट बघायची. बहुतेकांची सुरुवात अशीच होते. हाती येतो तो फिकट पिवळा, आणि दोन धुण्यांत तोही जातो. दोष फुलांचा नसतो. कापड रंगासाठी तयारच केलेलं नसतं.

पहिला गैरसमज फुलाच्या रंगाचा. झेंडूच्या पाकळ्या केशरी दिसतात त्या ल्युटीनसारख्या कॅरोटिनॉइडमुळे. ही द्रव्यं तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीतच. पाण्यात उतरतात ती फ्लेव्होनॉइड द्रव्यं, आणि तुरटीशी जोडली गेल्यावर ती पिवळा ते मोहरी रंग देतात. म्हणून केशरी झेंडूतून केशरी कापड निघत नाही, कितीही फुलं ओता. तांबूस सोनेरी छटा हवी असेल तर कांद्याची टरफलं घ्या. तुरटी लावलेल्या कापडावर ती छान उतरते.

कापडाची तयारी: इथेच सगळं बिघडतं

नव्या मलमलीला खळ असते, शिवाय सुताचं स्वतःचं मेण असतं. नुसत्या साबणाने ते निघत नाही. अर्धा किलो कापडाचा हिशोब असा: १५ ते २० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घातलेल्या भरपूर पाण्यात तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळट होतं, ते ओतून द्या आणि कापड खळबळून घ्या. वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच शोषला गेला तर ठीक. मण्यासारखा वर राहिला तर पुन्हा उकळा.

यानंतरची चूक जास्त महागात पडते: सुती कापडाला थेट तुरटी लावणं. रेशीम आणि लोकर ही प्राणिज तंतूंची, ती तुरटी धरतात. सूत मात्र तिला नीट धरत नाही, त्याला मध्ये टॅनिन, म्हणजे हिरड्यात असतं ते तुरट द्रव्य, लागतं. ७५ ग्रॅम हिरडा पूड गरम पाण्यात कालवून, गाळून, त्यात कापड रात्रभर ठेवा. सकाळी न धुता पिळून सावलीत वाळवा. रंग फिकट पिवळट दिसेल, तो तसाच असतो. मग ७५ ते १०० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, कोमट झाल्यावर कापड आणखी एक रात्र भिजवा. तुरटीचे खडे तळाशी राहिले तर तिथे गडद ठिपके उमटतात आणि ते नंतर जात नाहीत.

पॉलिस्टर मिसळलेलं कापड घेऊ नका. त्यातलं फक्त सूत रंगतं, बाकी पांढरटच राहतं.

पातेलं, आच आणि घाई

लोखंडी कढईत किंवा लोहयुक्त बोअरच्या पाण्यात झेंडूचा पिवळा शेवाळी होतो. तांबं-पितळही छटा हिरवटाकडे नेतं. स्टीलचं मोठं पातेलं घ्या, स्वयंपाकाचं नव्हे, वेगळंच.

ताज्या पाकळ्या साधारण किलोभर, सुक्या असतील तर पाव किलो. हिरवा देठ काढा, तोरणातली आंब्याची पानं आणि दोराही. पाऊण तास मंद आचेवर ठेवा. खदखदा उकळलं की रंग मळकट, तपकिरी होतो. गाळलेल्या पाण्यात कापड आधी ओलं करूनच सोडा आणि तासभर हलवत राहा. कोरडं कापड टाकलं किंवा घड्या घालून कोंबलं तर पट्टे पडतात. फुलं साठवायची असतील तर सावलीत कडकडीत वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहिली की बुरशी धरतात.

हळद, पळस, शेंदरी

हळद तुरटीशिवायही सुतावर झटकन चढते, म्हणून ती फसवते. तिचं रंगद्रव्य, करक्युमिन, उन्हात टिकत नाही, आणि साबण लागला की लालसर होतं. असा डाग पडला तर लिंबाच्या पाण्यात बुडवा, पिवळा परत येतो. उन्हाने उडालेला मात्र येत नाही. रोज वापरायच्या कपड्याला हळद नको.

पळसाची सुकी फुलं रात्रभर भिजवून मंद आचेवर ठेवा. चिमूटभर चुना घातला की पाणी गडद केशरी होतं. रंगपंचमीला तो उत्तम, कापडावर मात्र कच्चाच. पारिजातकाच्या देठांत केशरातलंच क्रोसिन हे रंगद्रव्य असतं, ते रेशमावर जास्त खुलतं.

शेंदरीच्या झाडाच्या (अ‍ॅनाटो) बिया नुसत्या पाण्यात उकळणं म्हणजे गॅस वाया. त्यांतलं रंगद्रव्य, बिक्सिन, पाण्यात विरघळत नाही. बियांच्या निम्म्या वजनाचा धुण्याचा सोडा घाला, मग रंग सुटतो. सुती कापड रंगवून शेवटी व्हिनेगरच्या सौम्य पाण्यातून काढा. सोड्याचं हे पाणी रेशमाला लावू नका, तंतू खराब होतो.

कुठलाही रंग असो, कापड सावलीत वाळवा आणि पहिली धुणी रिठ्याच्या पाण्यात करा. मोठा तागा रंगवण्याआधी त्याच कापडाची पट्टी रंगवा, अर्धी पुठ्ठ्याने झाकून आठवडाभर खिडकीत ठेवा. झाकलेला आणि उघडा भाग वेगळा दिसला तर ते पडद्यासाठी वापरू नका.