सोलापुरातून प्रथम दिवस आवरणे आणि वेगळ्या डाकमुद्रा कशा मिळवाव्यात

नवे टपाल तिकीट ज्या दिवशी प्रसिद्ध होते, त्याच तारखेच्या खास शिक्क्याने रद्द केलेले (म्हणजे पुन्हा वापरता येऊ नये म्हणून शिक्का मारलेले) ते तिकीट ज्या पाकिटावर असते, त्याला प्रथम दिवस आवरण म्हणतात. बोलताना आपण त्याला फर्स्ट डे कव्हर म्हणतो. तिकीट पुढे केव्हाही विकत मिळते, जुन्या संग्राहकांकडून पाकीटही मिळते. परंतु ठराविक गावचा ठराविक तारखेचा शिक्का आपल्या डोळ्यांदेखत उमटवून घ्यायचा, तर त्या दिवशी तिथे हजरच राहावे लागते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिकिटाआधी शिक्क्याचा विचार करावा, असे माझे मत आहे.

प्रसिद्धीची तारीख टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पाहावी आणि ती कधीकधी ऐनवेळी बदलते हे गृहीत धरून, निघण्याच्या आदल्या दिवशी दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. सोलापूरकरांना सर्वांत सोयीची वाट मुंबईची आहे. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघाल्यास सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते आणि शेजारीच जीपीओची, म्हणजे मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयाची, १९१३ साली पूर्ण झालेली इमारत आहे. तिचा घुमट आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला आहे; सोलापूरच्या माणसाने आत जाण्यापूर्वी क्षणभर थांबून तो अवश्य पाहावा. तिथल्या फिलाटेली (तिकीटसंग्रह) विभागात तिकीट, छापील आवरण आणि विवरणिका (तिकिटाचे माहितीपत्रक) अशा तिन्ही गोष्टी घ्याव्यात. विवरणिका अनेकजण टाकून देतात, ती चूक आहे; तिकीट कोठे, कोणत्या पद्धतीने आणि किती संख्येने छापले, ही माहिती तिच्यातच असते. ज्यांना प्रवास शक्य नाही, त्यांनी फिलाटेली ठेव खाते उघडून रक्कम जमा ठेवावी, म्हणजे आवरणे घरपोच येतात.

शिक्का नीट उमटणे ही या छंदातील खरी कसोटी आहे. तिकीट उजव्या वरच्या कोपऱ्यात, दोन्ही कडांपासून सुमारे एक सेंटीमीटर आत, सरळ चिकटवावे. पाकिटाच्या आत पोस्टकार्डाएवढा कडक, गुळगुळीत पुठ्ठा घालावा, म्हणजे शिक्क्याखाली पाकिटाची जोडपट्टी उंचवटा करत नाही. शिक्का मारण्यापूर्वी कोऱ्या कागदावर एकदा उमटवून पाहण्याची विनंती करावी, कारण गादीवर नुकती शाई घातलेली असल्यास पहिला ठसा हमखास फुटतो. शिक्क्याचा साधारण चौथा भाग तिकिटावर आणि उरलेला पाकिटावर यावा, म्हणजे तिकीटही दिसते आणि गावाचे नाव व तारीखही वाचता येते. एका लहान गावच्या कार्यालयात मी काहीही न सांगता घाईने पाकीट खिडकीतून आत सरकवले होते. शिक्का तिकिटाच्या बरोबर मध्यावर पसरला, गावाचे नाव शाईत बुडाले आणि त्या एका ठशासाठी केलेला दिवसभराचा प्रवास वाया गेला. तेव्हापासून मी आधी नमस्कार करून, कशासाठी आलो आहे ते सांगतो आणि शिक्का कोठे हवा ते पेन्सिलीच्या अगदी फिकट खुणेने दाखवतो. ठसा उमटल्यावर पाच मिनिटे पाकिटाला हात लावू नये आणि नंतर वर टिपकागद ठेवूनच ते फाइलमध्ये ठेवावे.

प्रथम दिवसाच्या शिक्क्याखेरीज एखाद्या समारंभापुरती एका दिवसाची विशेष डाकमुद्रा, म्हणजे खास शिक्का, असते आणि काही पर्यटनस्थळी व तीर्थस्थळी रोज मिळणारी कायमस्वरूपी सचित्र डाकमुद्राही असते. तरीही साध्या गोल तारीखशिक्क्याला कमी लेखू नये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला आणि भारतीय टपाल खात्याने १९९३ साली त्यांच्यावर तिकीट काढले. १० ऑक्टोबर हाच आपल्याकडे राष्ट्रीय टपाल दिनही आहे. ते तिकीट लावलेल्या पाकिटावर सोलापूरचा १० ऑक्टोबरचा साधा शिक्का घेतला, तर तिकीट, गाव आणि तारीख या तिन्हींचा मेळ बसतो. त्याचप्रमाणे संत नामदेवांच्या १९७० सालच्या तिकिटाला पंढरपूरचा आषाढी एकादशीचा शिक्का शोभतो. मात्र त्या दिवशीची गर्दी लक्षात घेऊन आदल्या दिवशीच मुक्कामाला जावे आणि एकादशी रविवारी येत नाही ना, हे आधी पाहावे. जुन्या तिकिटाची किंमत पैशांत असल्याने टपालखर्च पूर्ण होईल इतकी चालू तिकिटेही शेजारी लावावीत.

दूरच्या प्रवासात श्रीनगरच्या दल सरोवरातील तरंगते टपाल कार्यालय चुकवू नये. तिथल्या शिक्क्यात शिकारा आणि नावाडी दिसतो. स्पिती खोऱ्यातील हिक्कीमचे कार्यालय १९८३ पासून सुमारे साडेचौदा हजार फुटांवर चालू आहे. तिथला ठसा साधाच असतो, पण गावाच्या नावामुळेच तो मोलाचा ठरतो. अशा ठिकाणी दोन पाकिटे करावीत: एक हातात परत घ्यावे आणि दुसऱ्यावर स्वतःचा सोलापूरचा पत्ता घालून ते टपालातून येऊ द्यावे. वाटेत दुसरा एखादा ठसा वर बसण्याचा धोका असला तरी प्रत्यक्ष प्रवास केलेले पाकीट मला अधिक खरे वाटते. स्वतः जाणे शक्य नसल्यास, पत्ता लिहून तिकीट लावलेले पाकीट मोठ्या लिफाफ्यात घालून तेथील पोस्टमास्तरांना विनंतीपत्रासह पाठवावे. पत्रात शिक्क्याची जागा स्पष्ट लिहावी आणि परतीचा लिफाफाही तिकीट लावून सोबत द्यावा.

घरी आल्यावर पाकिटाच्या मागे पेन्सिलीने ठिकाण आणि कसे मिळवले ते लिहावे. सोलापूरचा उन्हाळा कागदाला कठीण जातो, म्हणून पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे. पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नयेत, कारण उष्णतेने त्या चिकटतात आणि शाई ओढून घेतात. पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिस्टरच्या पिशव्या घ्याव्यात. लॅमिनेशन कधीही करू नये. पावसाळा संपला की एखाद्या कोरड्या दिवशी सगळी आवरणे बाहेर काढून, सावलीत तासभर उघडी ठेवून, बुरशीचे ठिपके तपासावेत.