पर्वत, उष्मा आणि पाऊस : वातावरणविज्ञानाच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

पर्जन्यछाया (डोंगरापलीकडचा कमी पावसाचा पट्टा) आणि सुप्त उष्मा (वाफेचे पाणी होताना मोकळा होणारा उष्मा) या कल्पना तुम्हाला ठाऊक आहेत असे गृहीत धरून मी थेट माझ्या चुकीपासून सुरुवात करते, कारण तिची बोच अजून गेलेली नाही.

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी हवामानशास्त्रज्ञ गिल यांची 1980 सालची साधी समीकरणे घेतली; हवेला एखाद्या जागी उष्मा मिळाला तर उष्ण कटिबंधात वारे कसे वाहतील, हे ती सांगतात. जून ते ऑगस्टच्या पावसाच्या आकड्यांवरून हवेला मिळणारा उष्मा काढला आणि तो समीकरणांत घातला. खालच्या थरात अरबी समुद्रावरचे नैऋत्य वारे उमटले, वरच्या थरात पूर्वेकडून येणारे वारे उमटले, आणि मी निष्कर्ष लिहून मोकळी झाले की तापलेली जमीन मोसमी वारे ओढून आणते. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी एवढेच विचारले, "हा उष्मा आला कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

हा सापळा नीट समजून घ्या. दिवसभरात 1 मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर 1 किलो वाफेचे पाणी झाले आणि सुमारे 25 लाख ज्यूल उष्मा हवेत मोकळा झाला; दिवसाच्या सेकंदांनी भागले की तो 29 वॅट भरतो. 10 मिलिमीटर पावसाचे 290 वॅट होतात. म्हणजे माझ्या समीकरणांतला उष्मा जमिनीचा नव्हताच, तो पावसाचा होता. पावसाला बाष्प लागते, बाष्प वारा आणतो, आणि वाऱ्याला पुन्हा हाच उष्मा चालना देतो. हे वर्तुळ मी एका जागी तोडले आणि त्या जागेलाच आरंभ म्हटले. विदर्भातली जमीन मे महिन्यात सर्वाधिक तापते, पण वारे आणि पाऊस जोरात असतात ते ती निवल्यावर, जुलैमध्ये. आणि दुष्काळी वर्षी तर ती अधिकच तापलेली असते. मोसमी पावसाच्या अभ्यासक सुलोचना गाडगीळ यांनी हा मुद्दा वर्षानुवर्षे मांडला होता. मी तो आधी वाचायला हवा होता.

पर्वतांच्या बाबतीतही हीच चूक वेगळ्या रूपात होते. सह्याद्रीची उंची ढोबळमानाने 1000 मीटर, वाऱ्याचा वेग सेकंदाला 10 मीटर आणि हवेच्या स्थिरतेचे (म्हणजे वर ढकललेली हवा पुन्हा खाली येण्याच्या ओढीचे) माप सेकंदाला 0.01 धरले, तर स्थिरता गुणिले उंची भागिले वेग हे गुणोत्तर 1 येते. याचा अर्थ वारा डोंगर सहज ओलांडत नाही आणि पूर्ण अडतही नाही. तो डोंगराच्या अलीकडेच मंदावतो, आणि घाट लागण्याआधीच, समुद्रावर आणि किनाऱ्यावर, पाऊस सुरू होण्यामागे या अडवणुकीचाही हात असू शकतो. शिवाय ढग बनू लागले की मोकळ्या झालेल्या उष्म्याने हवेची स्थिरता घटते आणि तोच वारा अधिक सहज वर चढतो.

म्हणूनच हवामानाच्या संगणकीय मॉडेलमधला पर्वत सपाट करून उरलेला पाऊस मोजला, तर ती वजाबाकी पर्वताचा वाटा सांगत नाही, कारण पर्वताबरोबर उष्म्याची जागाही हललेली असते. तिबेटचे पठार उन्हाळ्यात उष्म्याचा स्रोत ठरते, हे फ्लोन आणि ये या हवामानशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये दाखवले होते. 2010 मध्ये बूस आणि क्वांग या संशोधकांनी मॉडेलमधून पठार काढून हिमालयाची अरुंद भिंत तेवढी ठेवली, तरी भारतावरचा मोसमी पाऊस बराचसा टिकला. उत्तरेकडची थंड, कोरडी हवा ती भिंत थोपवून धरते, असे त्यांचे म्हणणे. त्यावरचे वाद दोन्ही बाजूंनी वाचा.

पहिल्या सहा महिन्यांत मोठ्या मॉडेलला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. सुबक नकाशा हाती येतो आणि प्रश्न विचारण्याची सवय लागण्याआधीच मोडते. नकाशा पाहून केवळ शाबासकी देणारे गाइड कितीही प्रेमळ असले तरी तुमचे नुकसान करतात. कागदावर हिशेब करायला लावणारे गाइड शोधा, ते कडक असले तरी चालतील. समीकरणांना मात्र घाबरू नका. गिल यांची ती साधी समीकरणे समजायला मला अख्खे सत्र लागले आणि त्याने काहीही बिघडले नाही.

पहिल्या पावसाळ्यात महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई येथील रोजचा पाऊस वहीत मांडा आणि शेजारी दीड किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्याचा वेग लिहा. वारा जोराचा असूनही महाबळेश्वरला पाऊस बेताचाच पडला, असे दिवस ऐन जुलैतही सापडतील. माझा पुढचा संशोधनविषय अशाच एका नोंदीतून निघाला.