कयाक टाकायला जवळची चांगली जागा कशी शोधायची

कयाक घेतली की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, आता ही पाण्यात टाकायची कुठे. मग आपण शोधायला बसतो, मस्त फोटो सापडतात, निळंशार पाणी, मागे डोंगर, आणि तिथे पोचल्यावर कळतं की काठ म्हणजे उभा कातळ आहे, कयाक उतरवायला जागाच नाही, किंवा उतरवता येते पण दोन तासांनी दमून परत आल्यावर वर चढता येत नाही. म्हणून माझं ठाम मत झालंय, जागा शोधताना आधी काठ बघायचा आणि पाणी नंतर. जिथून आरामात उतरता येतं आणि हातपाय गळून गेलेले असले तरी आरामात बाहेर येता येतं ती जागा चांगली, मग फोटोत ती कितीही साधी दिसू दे.

हे सगळं मी साध्या रिक्रिएशनल कयाकबद्दल सांगतोय, म्हणजे 9 ते 12 फूट लांबीची, रुंद, बसायची जागा ऐसपैस असलेली. ती स्थिर असते, शिकायला सोपी असते, पण तिची एक गोष्ट लक्षात ठेवा, बसायची जागा मोठी असल्यामुळे उलटली की आत भरपूर पाणी भरतं आणि खोल पाण्यात मध्यावर ते उपसून परत आत बसणं जवळपास अशक्य असतं. वर बसायची, बंद डेकची कयाक असेल तर पाणी भरत नाही पण पाण्यातून तिच्यावर परत चढायची सवय लागतेच. त्यामुळे आपल्याला हवंय ते संथ पाणी, आणि काठ पोहत गाठता येईल इतका जवळ. नद्यांच्या खळखळाटाला 1 ते 6 असे वर्ग देतात, 1 सगळ्यात सोपा, त्यात आपण 1 च्या पुढे जायचं नाही.

सुरुवात घरबसल्या होते. सॅटेलाईट नकाशा उघडा आणि घरापासून तासाभरात पोचता येईल एवढ्या टप्प्यातलं सगळं पाणी झूम करून बघा. तासाभरातलंच का, तर कयाक गाडीच्या टपावर चढवणं, बांधणं, तिथे सोडणं, परत आल्यावर धुणं यात आधीच बराच वेळ जातो, लांबची जागा कितीही भारी असली तरी वर्षातून दोनदा जाणं होतं आणि जवळच्या साध्या तलावावर दर आठवड्याला जाणं होतं. नकाशात रस्ता पाण्याच्या किती जवळ येतो ते बघा, गाडी उभी करायची जागा आहे का, तिथून पाण्यापर्यंत किती चालायचंय. कयाकचं वजन साधारण 18 ते 25 किलो असतं, ती घेऊन 50 मीटर चालणं ठीक आहे, 300 मीटर नाही, निदान रोज नाही. काठावर पायवाटा पाण्यापर्यंत आलेल्या दिसल्या की समजायचं लोक तिथून उतरतात.

नदी असेल तर पांढरे पट्टे शोधा, पांढरं दिसलं म्हणजे पाणी दगडांवरून उसळतंय. नदीच्या दोन टोकांची उंची नकाशात मिळते, फरकाला अंतराने भागा, किलोमीटरला अर्धा मीटर किंवा कमी उतार असेल तर पाणी साधारणपणे संथ असतं, पण सगळा उतार एकाच ठिकाणी असू शकतो म्हणून पांढरे पट्टे तरीही तपासायचेच. आणि नदीला आडवी जाणारी सरळ रेघ दिसली तर तिथे मोठी खूण करून ठेवा, तो बंधारा असू शकतो.

बंधाऱ्याबद्दल जरा थांबून सांगतो कारण हे माहीत नसलेले खूप लोक आहेत. वरच्या बाजूने येताना बंधारा दिसतच नाही, पाण्यावर फक्त एक गुळगुळीत आडवी कड दिसते आणि पलीकडचं पाणी दिसायचं बंद होतं, झाडांचे फक्त शेंडे दिसतात. उंची कंबरेएवढी असली तरी खाली पडणारं पाणी गोल फिरून परत बंधाऱ्याकडेच येत राहतं, त्यात सापडलेला माणूस आणि होडी दोन्ही तिथेच घुसळत राहतात, लाईफ जॅकेट असूनही. म्हणून ज्या नदीच्या टप्प्यात खालच्या बाजूला बंधारा आहे तिथे तुमची बाहेर पडायची जागा त्याच्या बरीच आधी हवी आणि ती काठावरून डोळ्यांनी बघून ठेवलेली हवी. पाण्यात आडव्या पडलेल्या झाडांचंही तसंच, फांद्यांतून पाणी चाळणीसारखं निघून जातं पण माणूस अडकतो, अशा झाडाच्या वरच्या बाजूला प्रवाह जोरात असेल तर ती जागा सोडून द्या.

तलाव किंवा धरणाचं पाणी असेल तर एकाच तारखेचं चित्र बघून ठरवू नका. कॉम्प्युटरवर गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं बघता येतात, वेगवेगळ्या महिन्यांतली लावून बघा, पाणी किती मागे जातं ते लगेच कळतं. हे मी शिकलो ते एका जलाशयावर. आधी बघितलं तेव्हा पाणी गवतापर्यंत होतं, तीन महिन्यांनी कयाक घेऊन गेलो तर मधे शंभर पावलांचा चिखल, वरून भेगा पडलेला, वाळल्यासारखा. चार पावलं टाकली आणि पाचव्याला पाय गुडघ्यापर्यंत आत. पाय ओढला तर दुसरा रुततो, शेवटी कयाकवर पोटावर आडवा पडून, तिच्यावर वजन टाकून पाय एकेक करून सोडवले. तेव्हापासून काठी घेतल्याशिवाय मी नवीन काठावर उतरत नाही, पुढे टोचून बघायचं, काठी वीतभर आत गेली तर तिथे पाय ठेवायचा नाही.

आता वारा. नवशिक्यांना पाण्यापेक्षा वाराच जास्त त्रास देतो. आरामात वल्हवताना आपला वेग ताशी 4-5 किलोमीटर असतो, त्यामुळे समोरून थोडा जरी वारा आला तरी लगेच फरक पडतो. मी एका लांबट तलावावर वारा पाठीशी घेऊन 40 मिनिटांत दुसऱ्या टोकाला पोचलो होतो, फार छान वाटत होतं, परत यायला पावणेदोन तास लागले आणि शेवटी खांदे वर होत नव्हते. तेव्हा जागा निवडताना तलावाची लांबी आणि वाऱ्याची नेहमीची दिशा एकत्र बघा. लाट किती मोठी होणार हे वारा किती जोरात, किती वेळ आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून येतो यावर असतं, म्हणून मोठ्या गोल तलावापेक्षा फाटे फुटलेला, वळणावळणाचा, मधे बेटं असलेला तलाव जास्त चांगला, एका फाट्यात वारा असला तर दुसऱ्यात आडोसा मिळतो. विंडीसारख्या अ‍ॅपवर दिवसभराचा वारा तासातासाने दिसतो, त्यात झोतांचा, म्हणजे मधेच येणाऱ्या जोरदार झुळकांचा, आकडाही बघा. ताशी 12 किलोमीटरच्या आत असेल तर निवांत जा, 20 च्या पुढे पाण्यावर जागोजागी पांढरे फेस दिसायला लागतात, नवीन जागेसाठी तो दिवस नाही. बऱ्याच ठिकाणी सकाळी वारा पडलेला असतो आणि दुपारी सुटतो म्हणून मी पहिल्यांदा जाताना नेहमी पहाटेचीच वेळ धरतो.

समुद्राकाठी जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा वारा सगळ्यात फसवा. काठाजवळ पाणी अगदी गुळगुळीत असतं, उतरताना वाटतं काय सुंदर दिवस आहे, आणि जितके आत जाल तितका जोर वाढतो आणि तो तुम्हाला बाहेरच नेत असतो. रिक्रिएशनल कयाकला मोकळा समुद्र नकोच.

खाडी मात्र चालते, उलट मला खाड्या फार आवडतात, पण तिथे घड्याळ लावून जायचं. भरती आणि ओहोटी यांत बहुतेक किनाऱ्यांवर साधारण 6 तास 12 मिनिटांचं अंतर असतं, काही किनाऱ्यांवर दिवसात एकच भरती असते, म्हणून तिथलं वेळापत्रक काढायचं. पाणी सारख्या वेगाने चढत-उतरत नाही, पहिल्या आणि शेवटच्या तासात थोडंच हलतं आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी येतं किंवा जातं, तेव्हा धार सगळ्यात जोरात असते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा आणखी जोर, अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी सौम्य, पहिली फेरी तेव्हाच ठेवा. भरतीबरोबर आत जायचं, पाणी थांबलं की वळायचं आणि ओहोटी लागताच तिच्याबरोबर परत यायचं, उशीर केला तर चिखलात अडकाल.

नकाशावर दोन-तीन जागा पक्क्या झाल्या की एकदा कयाक न घेता तिथे जाऊन या. हे लोकांना वेळ फुकट घालवणं वाटतं पण कयाक टपावर असली की डोकं नीट चालत नाही, एवढ्या लांब आलोय तर टाकूया असं होतं. मोकळ्या हाताने गेलात तर काठावर शांतपणे चालता येतं. वाहतं पाणी असेल तर काठाने 20 पावलं मोजा, म्हणजे साधारण 15 मीटर, वरच्या टोकाला मधल्या धारेत एक काटकी टाका आणि किती सेकंदांत खालच्या टोकाला येते ते मोजा. 30 सेकंद लागले तर ताशी 1.8 किलोमीटर, हे चालेल. 15 सेकंदांत आली तर 3.6, म्हणजे उलट्या दिशेने वल्हवताना तुम्ही ताशी जेमतेम एक किलोमीटर सरकाल, ती जागा आज नको. आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो हेही डोक्यात असू द्या.

तिथे गळ टाकून बसलेलं कोणी असेल तर त्यांच्याशी बोला, त्यांच्याइतकं ते पाणी कोणी ओळखत नाही. फक्त "इथे सुरक्षित आहे का" असं विचारू नका, त्याचं उत्तर "हो, काही नाही होत" असंच येतं. नेमकं विचारा, वारा कधी सुटतो, वरून पाणी सोडतात का, सोडलं तर किती वाढतं, खाली झाडं, जुनं कुंपण किंवा जाळी बुडालेली आहे का. धरणाच्या खालची नदी असेल तर पाणी सोडायची वेळ कळल्याशिवाय उतरायचंच नाही, आभाळ कोरडं असताना सुद्धा पातळी बघता बघता वाढते.

परवानगीचं पण तिथेच बघून घ्या. पिण्याच्या पाण्याचे साठे, अभयारण्यं, पक्ष्यांच्या विणीच्या जागा, खाजगी काठ, यांचे नियम वेगवेगळे असतात, पाटी वाचा आणि संबंधित ऑफिसात फोन करून विचारा. मोटरबोटींची वर्दळ किती आहे ते सुट्टीच्या दिवशी जाऊन बघितलं तरच कळतं.

पाण्याला वास येतोय, वर हिरवा रंग सांडल्यासारखा थर आहे, मेलेले मासे दिसतायत, तर सोडून द्या, काही शेवाळं विषारी असतात. जोराचा पाऊस झाला असेल तर दोन-तीन दिवस थांबा, आजूबाजूची सगळी घाण वाहून पाण्यात आलेली असते. आणि हात बुडवून पाणी किती गार आहे ते बघा. बाहेर ऊन असलं तरी कपडे पाण्याच्या गारठ्याप्रमाणे घालायचे. 15 अंशांच्या खालच्या पाण्यात पडलं की पहिलं मिनिटभर श्वासच ताब्यात राहत नाही, त्यात पाणी नाकातोंडात जातं, आणि साधारण दहा मिनिटांत बोटं कामातून जातात. लाईफ जॅकेट अंगात आणि बांधलेलं हवं, मागे ठेवलेलं काही कामाचं नाही, पाण्यात ते घालणं फार अवघड असतं.

पहिली फेरी छोटी ठेवा, एक-दोन किलोमीटर, काठाकाठाने, एकट्याने नको. आधी वाऱ्याविरुद्ध किंवा प्रवाहाविरुद्ध जा म्हणजे दमल्यावर परतीला पाणी मदत करतं. कुठे जातोय आणि कधी परत येणार हे घरी कोणाला तरी सांगून जा. जाताना दर थोड्या अंतराने काठाकडे बघून, इथे बाहेर पडता येईल, इथे नाही, असं मनात म्हणत जा. परत आल्यावर कयाक तिथेच धुऊन, पाणी काढून, पूर्ण वाळवा, एका पाण्यातली वनस्पती किंवा शिंपल्यांची पिल्लं दुसरीकडे गेली की ते पाणी कायमचं बिघडू शकतं.

आणि त्याच दिवशी वहीत लिहा, तारीख, वारा, पाणी कुठपर्यंत होतं, बाहेर पडायच्या जागा कोणत्या. पातळीसाठी मी प्रत्येक काठावर एक न हलणारा मोठा दगड किंवा पुलाचा खांब खूण म्हणून धरतो. माझ्या नेहमीच्या जागी एक बसका काळा दगड आहे, त्याचा वरचा हात-दीड हात भाग कोरडा असेल तर पाणी माझ्यासाठी बरोबर, पूर्ण उघडा असेल तर पलीकडच्या फाट्यात गाळ लागतो, आणि दगड दिसतच नसेल तर कयाक टपावरून सोडत सुद्धा नाही.