‘परमिशन डिनाइड’ दिसताच ७७७ मारू नका

लिनक्स सर्व्हरच्या स्टोरेजवर ‘परमिशन डिनाइड’ (परवानगी नाकारली) आलं की बहुतेकांचा हात थेट ‘सीएचमॉड -आर ७७७’कडे, म्हणजे आतल्या सगळ्या फाइल्स सगळ्यांसाठी खुल्या करणाऱ्या कमांडकडे जातो. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सर्व्हरवरच्या कुणालाही त्या फाइल्स वाचता-बदलता येतात, आणि आधी कुणाला काय मुभा होती याची नोंद कुठेच उरत नाही. होम डिरेक्टरीवर (युजरच्या स्वतःच्या फोल्डरवर) चालवलंत तर एसएसएचचं, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याचं, पासवर्डऐवजी ‘की’ (डिजिटल किल्ली) वापरून होणारं लॉगिनही बंद पडतं, कारण कुणालाही लिहिता येणाऱ्या डिरेक्टरीतली ‘की’ सर्व्हर सहसा मान्य करत नाही.

आधी एरर अक्षरशः वाचा. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असेल तर परमिशनचा संबंधच नाही. डिस्कवर चुका आल्यामुळे कर्नलनेच (सिस्टिमच्या गाभ्याने) माउंट, म्हणजे जोडलेली डिस्क, रीड-ओन्ली केलेला असू शकतो, तेव्हा कर्नलचे संदेश दाखवणारी ‘डीमेसेज’ कमांड बघा. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) असूनही ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं, तर ‘एलएसअ‍ॅटर’ चालवून फाइलवर इम्युटेबलचा (बदल बंद असल्याचा) ‘आय’ लागलाय का ते तपासा.

खरं ‘परमिशन डिनाइड’ असेल, तर फक्त फाइलकडे बघत बसू नका. समजा फाइल आहे /डेटा/बॅकअप/रोज/यादी. तिच्यावर ६४४ आहे, म्हणजे वाचायला सगळ्यांना मुभा. पण मधल्या ‘बॅकअप’वर ७०० असेल तर मालक आणि रूट सोडून कुणी आत पोचणारच नाही. डिरेक्टरीवरचा ‘एक्स’ म्हणजे आत शिरण्याची परवानगी, आणि ती वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर लागते. ‘नेमआय -एल’ कमांडला पूर्ण पाथ (फाइलपर्यंतचा पत्ता) दिला की प्रत्येक पायरीचा मालक, ग्रुप आणि परमिशन एकाखाली एक दिसतात. अडकलेली जागा बहुतेकदा तिथेच सापडते. फाइल डिलीट होत नसेल तरी डिरेक्टरीच बघा. तिच्यावर ‘डब्ल्यू’ (लिहिण्याची परवानगी) आणि ‘एक्स’ दोन्ही हवेत.

एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरचं स्टोरेज वापरताना, गोंधळ वेगळा. नेहमीच्या सेटिंगमध्ये सर्व्हर युजरचं नाव नाही, नंबर बघतो. एकाच नावाचा युजर क्लायंटवर १००१ आणि सर्व्हरवर १००५ असेल, तर सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. दोन्हीकडे ‘एलएस -एलएन’ करून नंबर जुळवा. क्लायंटवर रूट असूनही लिहिता येत नसेल तर ते बहुधा रूट स्क्वॉश आहे, म्हणजे सर्व्हर क्लायंटच्या रूटला साधा युजर धरतो. ते मुद्दाम ठेवलेलं संरक्षण आहे, घाईत काढू नका.

युजरला ग्रुपमध्ये टाकताना ‘युजरमॉड -जी’मधला जी कॅपिटल हवा आणि सोबत स्मॉल ‘ए’ हवाच. तो विसरलात तर बाकीचे जादा ग्रुप निघून जातात. नवा ग्रुप आधीच चालू असलेल्या सेशनला लागत नाही. पुन्हा लॉगिन करा, सर्व्हिस असेल तर रीस्टार्ट करा.

सगळं बरोबर दिसूनही अडत असेल आणि एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा, जी फाइलवरच्या लेबलवरून परवानगी ठरवते) चालू असेल, तर लेबल दाखवणारं ‘एलएस -झेड’ (झेड कॅपिटल) बघा. ‘एमव्ही’ कमांडने हलवलेली फाइल जुनं लेबल घेऊनच येते, ‘रिस्टोअरकॉन’ ते दुरुस्त करतं. त्यासाठी एसईलिनक्स बंद करू नका.

आणि काहीही बदलण्याआधी सध्याच्या परमिशन्स दाखवणाऱ्या ‘गेटफॅकल -आर’चं (आर कॅपिटल) आउटपुट एका फाइलमध्ये ठेवा. गडबड झालीच, तर त्याच डिरेक्टरीतून ‘सेटफॅकल --रिस्टोअर’ला ती फाइल दिली की जुन्या परमिशन्स परत येतात.