चौकातल्या डिजिटलवर, म्हणजे छापलेल्या फ्लेक्स बोर्डावर, रिसर्च करायचाय? मग असं करा

एमएला नाहीतर पीएचडीला माध्यम आणि संस्कृती असला विषय घ्यायचा म्हटलं की निम्मी पोरं ‘सोशल मीडियाचा युवकांवर होणारा परिणाम’ लिहून देतात, मित्रांकडून गूगल फॉर्म भरून घेतात, पाय चार्ट काढतात आणि मोकळी होतात. त्यातून निघतं काय, तर तरुण पोरं मोबाईल लई वापरतात, जे कुणाच्याही आईला विचारलं असतं तरी कळलं असतं. आणि विषय आंतरविद्याशाखीय असेल तर एक चॅप्टर समाजशास्त्राचा, एक भाषेचा, एक अर्थशास्त्राचा, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

त्यापेक्षा उलटं करा, आधी वस्तू धरा आणि शास्त्रं नंतर बघा. वस्तू अशी हवी की कुठल्याच एका विषयाच्या माणसाला तिच्यावर पुरतं बोलता येऊ नये. सोलापुरात त्यासाठी लांब जायला नको, कन्ना चौक, विजापूर वेस, सात रस्ता कुठंही उभं राहा, वाढदिवसाचं डिजिटल लागलेलं असतंच. (मला स्वतःला खरं तर गिरण्यांच्या भोंग्यावर कुणीतरी करावं असं फार वाटतं, अख्ख्या शहराला वेळ सांगणारं ते माध्यमच होतं की, पण तो भोंगा ऐकून कामाला गेलेली माणसं आता थकत चाललीत, ज्याला करायचंय त्यानं लवकर करावं.)

तर डिजिटल. पहिल्यांदा एकच बोर्ड घ्या आणि त्याच्यासमोर अर्धा तास थांबा, फोटो काढून पळू नका. वर कोपऱ्यात महापुरुष, त्याखाली पक्षाचे मोठे नेते छोट्या गोलांत, मधे ज्याचा वाढदिवस तो गॉगल लावून कमरेपर्यंत, आणि खाली शुभेच्छुकांची रांग, पासपोर्ट साइजची तोंडं आणि नावं. नावं वाचा. चिप्पा, येमुल, दासरी ही तेलुगू आडनावं, शेजारी एखादा शेख, एखादा पाटील, सगळे मराठीत छापलेले. नावामागं अण्णा, मालक, भाई, दादा यातलं काय लावलंय तेही लिहून घ्या. कुणाचा फोटो कुणापेक्षा बोटभर मोठा आहे, कोण नेत्याच्या बाजूला आहे आणि कोण पार कडेला ढकललाय, हे सगळं वहीत उतरवा, कारण घरी गेल्यावर फोटोत ते तितकं डोळ्यात भरत नाही.

आता या वहीला प्रश्न लावा. अमेरिकेतला राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लासवेल, त्यानं १९४८ मध्ये संवाद समजून घ्यायला एक साधा प्रश्न मांडला, कोण, काय, कुठल्या माध्यमातून, कुणाला सांगतंय आणि त्याचा परिणाम काय होतो. मास कॉमच्या पोरांना हे पाठ असतं. पण ते या बोर्डाला लावून बघा, पहिल्याच शब्दाला गाडी अडते. बोलतंय कोण? पैसे देणारे शुभेच्छुक, ज्याचा वाढदिवस आहे तो, का प्रिंटिंगच्या दुकानातला ऑपरेटर ज्यानं मागच्याच गिऱ्हाईकाची फाईल उघडून नाव आणि फोटो तेवढे बदलले? आणि ‘कुणाला’ तर अजून अवघड. रस्त्यावरच्या माणसाला म्हणावं तर तो वाचतच नाही, बऱ्याच वेळा बोर्ड त्या चौकातून जाणाऱ्या एकाच नेत्यासाठी असतो, आणि संध्याकाळपर्यंत बोर्डाचा फोटो सगळ्यांच्या स्टेटसला, म्हणजे अर्धा बोर्ड फोनसाठीच छापलेला.

इथं जिथं जिथं अडकता तिथं तिथं दुसऱ्या विषयाचं दार ठोठवायचं, एवढीच आंतरविद्याशाखीय पद्धत आहे, बाकी सगळं सजावट. पैसे कुणी किती घातले कळत नसेल तर अर्थशास्त्रवाल्या मित्राला धरा, डिजिटल स्क्वेअर फुटावर छापतात, शिवाय फ्रेम आणि लावणाऱ्याची मजुरी, शुभेच्छुक वर्गणी कशी काढतात हे विचारायचं कसं ते त्याला येतं. नावांची भाषा कळत नसेल तर भाषाविज्ञान. जनगणनेत सी-१६ नावाचा तक्ता असतो, त्यात मातृभाषांचे जिल्हावार आकडे मिळतात, २०११ चा काढा आणि बोर्डावरच्या भाषेशी ताडून बघा, घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारा माणूस चौकात मराठीतच का छापतो हा प्रश्न आपोआप उभा राहतो. बोर्ड परवानगीनं आहे का असाच हे बघायला कायदा लागतो, १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा राज्याचा कायदा आहे, आणि मुंबई हायकोर्टाचा ३१ जानेवारी २०१७ चा बेकायदा होर्डिंगवरचा निकाल आहे, दोन्ही मूळ वाचा, पेपरातल्या बातमीवर भागवू नका.

आणि हे सगळं परदेशी फॅड आहे असं कुणी म्हटलं तर त्याला ‘साइट’ (SITE) हा उपग्रहावरून शिक्षणाचा टीव्ही दाखवायचा प्रयोग सांगा. १९७५-७६ ला इस्रोनं नासाच्या उपग्रहावरून साधारण २४०० खेड्यांत टीव्ही दाखवला, सहा राज्यांत, महाराष्ट्र त्यात नव्हता पण आपल्या बाजूचे विजापूर आणि गुलबर्गा होते. अँटेना बसवणारे इंजिनिअर होतेच, पण सोबत मानववंशशास्त्राची माणसं काही गावांत महिनोन्महिने जाऊन राहिली, टीव्हीसमोर कोण बसतं, कोण मागं उभं राहतं, कोण येतच नाही हे बघायला. माध्यमाचा अभ्यास म्हणजे हे.

फिल्डवर्कला एरिया लहान ठेवा. अख्खं शहर घ्याल तर मराल, साडेनऊ लाखांवर लोकवस्ती २०११ लाच होती. एक पूर्व भागातला (विणकरांची जुनी वस्ती) चौक, एक जुळे सोलापूरमधला (नवी वस्ती), एवढं बास. तारखा मात्र नीट निवडा. १२ जानेवारी म्हणजे १९३१ ला चार हुतात्म्यांना फाशी झाली तो दिवस, त्याच आठवड्यात सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, गड्ड्याची जत्रा, मग १४ एप्रिल, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ, मग गणपती. त्याच त्या चौकात प्रत्येक वेळी त्याच जागी उभं राहून फोटो काढले की वर्षभरात चौक कसा बोलतो ते दिसतं. फोटो काढताना कुणीतरी येणारच, ‘फोटो कशाला काढलालाव बे?’ म्हणून, तेव्हा कॉलेजचं पत्र खिशात असू द्या आणि खरं काय ते सांगा. लहान पोरांच्या वाढदिवसाचे बोर्ड असतील तर चेहरे झाकूनच वापरा, मोबाईल नंबर पण.

फोटो जमले की एक्सेल शीट. तारीख, चौक, प्रसंग, आकार, भाषा, माणसं किती, बायका किती, नेते किती. बायकांचा रकाना विसरू नका, तिथंच खूप काही हाती लागतं. आणि हे एकट्यानं भरू नका. तेच फोटो मैत्रिणीला द्या, तिनं तुमचं न बघता भरायचं, मग दोन्ही ताडायचं. नुसतं किती टक्के जुळलं ते सांगू नका, जेकब कोहेननं १९६० ला मांडलेला ‘कप्पा’ (kappa) नावाचा आकडा काढा, योगायोगानं जेवढं जुळलं असतं तेवढं त्यात वजा होतं, म्हणून आकडा जरा खाली येतो पण खरा असतो. ‘नेता’ कुणाला म्हणायचं यावरच तुमची भांडणं होतील. होऊ द्या, ती भांडणं लिहून ठेवा, प्रबंधातली चांगली दोन पानं तिथून निघतात.

मुलाखतीत ‘तुम्ही बोर्ड का लावता’ असं विचारू नका, ‘समाजकार्य’ हे उत्तर ठरलेलं आहे. ‘मागचा बोर्ड लावला तेव्हा सुरुवातीपासून काय काय झालं सांगा’ असं म्हणा, मग कुणाचा फोटो राहिला, कोण रुसलं, रात्रीत परत कसं छापलं हे सगळं बाहेर येतं. बघणाऱ्यांनाही विचारा, आणि हा भाग बहुतेक जण सोडून देतात. बर्मिंगहॅमच्या संस्कृती अभ्यास केंद्रातल्या स्टुअर्ट हॉलनं १९७३ ला सांगितलं की पाठवणाऱ्याच्या मनातला अर्थ बघणारा जसाच्या तसा घेईल असं नाही, कधी तो मान्य करतो, कधी थोडा वाकवतो, कधी सरळ उलटाच लावतो. फोटो फोनवर घ्या आणि कारखान्यात विड्या द्यायला आलेल्या मावशींना दाखवा, रिक्षास्टँडवर दाखवा, आणि गप्प बसा. मुलाखत तेलुगूत रंगली तर तेलुगूतच रेकॉर्ड करा, मराठी नंतर करता येतं. उतरवलेल्या डिजिटलचं पुढं काय होतं हेही विचारायला हरकत नाही, पावसाळ्यात ते कुणाच्या तरी पत्र्यावर जातं आणि नेता आभाळाकडं बघत पडून राहतो.

इतिहासासाठी जुने पेंटर शोधा, जे कापडावर आणि भिंतीवर ब्रशनं अक्षरं काढायचे. काही जण आहेत अजून. जुन्या पेपरांसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारा, आणि आधी कुणी काय केलंय ते शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या वेबसाइटवर बघा, फुकट आहे.

लिहिताना विषयवार चॅप्टर पाडू नका. एका चॅप्टरला एक बोर्ड, आणि त्या बोर्डाला लागेल तेवढंच शास्त्र. गाइड कुरकुर करतील, आपल्या विद्यापीठात नाहीतर दुसरीकडं दुसऱ्या विषयाचे को-गाइड मिळतात का ते नोंदणीच्या आधीच विचारून ठेवा, नंतर कागदपत्रांचा लई घोळ होतो. आणि कच्चा मसुदा झाला की त्या प्रिंटिंगच्या दुकानात जाऊन ऑपरेटरला त्याच्याबद्दलची पानं वाचून दाखवा, चुकलेलं तो लगेच सांगतो, तेही तसंच तळटीपेत घाला. फक्त गणपतीच्या आठवड्यात जाऊ नका, त्याला तेव्हा जेवायलाही फुरसत नसते.