घराच्या नुकसानीबरोबर गैरसोयीची भरपाई कशी मागावी

एसी बसवायला आलेल्या माणसाचं ड्रिल भिंतीतल्या पाइपात घुसलं. हॉलभर पाणी झालं, कपाटाचं प्लाय फुगलं, फॉल्स सीलिंगची वायरिंग गेली. कंपनीनं पंधरवड्यानं माणूस पाठवून भिंत बुजवली, रंग मारला आणि विषय संपवला. मधले दिवस सगळं घर एका खोलीत कोंबून राहिलं, रोज कोणीतरी रजा टाकून मिस्त्रीची वाट बघत बसलं, त्याचं काय?

त्याचे पैसे मागता येतात आणि मिळतातही. पण ‘आम्हाला अतोनात त्रास झाला’ या वाक्यावर कोणी रुपयाही सोडत नाही. आणि ‘सरळ वकिलाची नोटीस ठोका, पाच लाख मागा म्हणजे पन्नास हजार तरी सुटतील’ हा जो सल्ला जो तो देत सुटतो, तो कृपा करून विसरा. हवेतला आकडा पाहिला की समोरचा तुमच्या खऱ्या बिलांकडेही संशयानं बघायला लागतो.

आधीची तयारी

पाणी-वीज बंद केलीत, फोटो-व्हिडिओ काढलेत, बिलं जपून ठेवलीत हे धरून चालते. एकच भर घालते: झालेला प्रकार दोन ओळींत जॉब शीटवर, म्हणजे त्यांच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून आलेल्या माणसाची तिथल्या तिथे सही घ्या. महिन्याभरानं ‘पाइप आधीपासूनच गळत होता’ हे ऐकायची वेळ येऊ शकते.

कोणाकडे मागायचं

पैसे देऊन घेतलेल्या सेवेत निष्काळजीपणा झाला असेल, तर रस्ता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. ‘फ्री इन्स्टॉलेशन’ होतं म्हणून आमची जबाबदारी नाही, असं कंपनी म्हणाली तर दबू नका. ते वस्तूच्या किमतीतच धरलेलं असतं, वस्तूचं बिल जोडा. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या न्हाणीघरातून पाणी आलं असेल, तर मात्र ग्राहक आयोगात, म्हणजे या कायद्याखालच्या तक्रारी जिथे चालतात तिथे, जाऊन उपयोग नाही; शेजारी तुम्हाला सेवा विकत नाही. तिथे आधी सोसायटीकडे लेखी तक्रार, नाहीच जमलं तर दिवाणी दावा. घराचा विमा असेल तर पॉलिसी काढून बघा. ‘भारत गृह रक्षा’सारख्या पॉलिसीत घर राहण्याजोगं नसेल त्या काळातलं पर्यायी निवासाचं भाडं धरलेलं असतं. मनस्तापाचे पैसे विमा देत नाही, ते नुकसान करणाऱ्याकडूनच मागायचे.

गैरसोयीचा आकडा कसा काढायचा

खरी मेख इथे आहे. याच पायरीवर मी बराच काळ अडखळत असे, आणि माझ्याकडे कागद घेऊन येणारे बहुतेक जण इथेच अडकतात. त्रास खरा असतो, पण कागदावर उतरवताना त्याचं एक तर रडगाणं होतं, नाहीतर लिलाव.

पहिलं काम, चार गोष्टी वेगळ्या करा. मोडतोडीचा खर्च ही एक. त्याला कोटेशन आणि बिल. खिशातून गेलेले जादा पैसे ही दुसरी: लॉज, बाहेरचं जेवण, टॅक्सी, बिनपगारी रजा. घराचा भाग वापरता आला नाही ही तिसरी. मनस्ताप चौथी. पहिल्या दोन्हींत हिशेबाला वाद नसतो. फक्त प्रामाणिक राहा: जेवणाचं पूर्ण बिल मागू नका, नेहमीच्या घरखर्चापेक्षा जास्त गेलं तेवढंच मागा. बहिणीकडे राहिला असाल तर भाड्याची पावती ‘तयार’ करू नका. एक खोटी पावती सापडली की उरलेल्या सगळ्या खऱ्या पावत्या बाद झाल्यासारख्याच.

तिसरीसाठी मी भाड्याचा हिशेब लावते. हा कायद्यात दिलेला नियम नाही, माझी पद्धत आहे, पण समोरच्याला ती खोडून काढणं जड जातं. समजा, तुमच्यासारख्या घराला त्या भागात महिना २४,००० रुपये भाडं पडतं. म्हणजे दिवसाला ८००. घर ६०० चौरस फुटांचं आणि बंद पडलेली खोली १५० चौरस फुटांची, म्हणजे पाव घर. दिवसाला २०० रुपये. २४ दिवस खोली बंद होती, तर ४,८०० रुपये. आकडा लहान वाटतो? वाटू दे. तो कुठून आला हे तुम्ही एका दमात सांगू शकता आणि त्यातच त्याचं वजन आहे. अपवाद एकच: घरात एकच न्हाणीघर आणि तेच बंद, तर क्षेत्रफळाचं गणित फोल ठरतं. तेव्हा पर्यायी निवासाचा खर्च धरा. पण ज्या दिवसांचं लॉजचं बिल लावलंत, त्याच दिवसांचं खोलीचं भाडं पुन्हा लावू नका.

चौथी गोष्ट मनस्ताप, आणि वाह्यात सल्ल्यांचं खरं पीक इथेच आहे. मनस्तापाची भरपाई मिळू शकते हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण २००४ मध्ये गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं हेही सांगितलं, की सगळ्यांना एकच ठरीव दर लावता येत नाही. प्रत्यक्ष तोटा काय झाला ते बघून आणि कारणं देऊन रक्कम ठरवावी लागते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालानं आणखी एक मुद्दा पक्का झाला: एकाच चुकीसाठी निरनिराळ्या नावांखाली भरपाई लावणं टिकत नाही. त्यामुळे ‘मानसिक त्रास ५०,०००, शारीरिक त्रास ५०,०००, सामाजिक अप्रतिष्ठा ५०,०००’ असला नमुना अर्ज कोणी पाठवला असेल तर त्यावर काट मारा. मनस्तापाचा एकच आकडा लिहा आणि त्याखाली कारणं द्या.

कारणं कोणती? अपघाताचं वर्णन करत बसू नका. ड्रिल चुकून लागलं, हे कोणीही समजून घेतं. महाग पडते ती नंतरची टाळाटाळ. म्हणून बंद पडलेल्या दिवसांचे दोन भाग करा: दुरुस्तीला लागलेच असते असे दिवस, आणि कंपनीनं वाया घालवलेले दिवस. ओल सुकल्याशिवाय पुट्टी मारता येत नाही, प्लास्टरला वेळ लागतो; ते दिवस त्यांच्या टाळाटाळीच्या खात्यात टाकू नका. ‘उद्या माणूस येईल’ म्हणून तो आला नाही, तक्रार क्रमांक देऊन तक्रार परस्पर बंद केली, सुपरवायझरनं फोन उचलला नाही, हे दिवस तारखांसकट मांडा. घरात आजारी माणूस, तान्हं मूल किंवा परीक्षेचा विद्यार्थी असेल आणि हे कंपनीला तेव्हाच कळवलेलं असेल, तर तेही लिहा. तेव्हा कळवलं नसेल तर आता त्याचा फार उपयोग नाही.

यासाठी रोज एक ओळ लिहून ठेवावी लागते. कशी, तर अशी: ‘मंगळवार, १० जून. न्हाणीघर बंद. आंघोळी शेजारी. १० ते १ ची वेळ दिली होती, प्लंबर आला नाही. १.२० ला फोन केला, उचलला नाही.’ बास. ‘आज फार वैताग आला’ ही नोंद काही कामाची नाही. आणि शेवटी एका बैठकीत एकाच पेनानं महिन्याची डायरी लिहून काढू नका, ते कुणाच्याही लक्षात येतं. त्यापेक्षा तीच ओळ त्याच संध्याकाळी कंपनीला ईमेल करा, म्हणजे तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते.

आणखी एक गोष्ट बजावून सांगते. आपला त्रास वाढू दिला की भरपाई वाढते, असं मानणारे महाभाग आहेत. उलट होतं. भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ मध्येच म्हटलं आहे, की तोटा मोजताना गैरसोय दूर करायचे कोणते मार्ग हाताशी होते तेही बघितलं जाईल. दोन हजारांचं काम अडवून दोन महिने न्हाणीघर बंद ठेवलंत तर पुढचा प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. कंपनीला लेखी कळवा, ठरावीक मुदत द्या, ती उलटली की स्वतः दुरुस्ती करून घ्या आणि बिल लावा. मोडलेला पाइप आणि फुगलेलं प्लाय मात्र फेकू नका.

पत्र

एक पान पुरे. काय झालं, कोणत्या तारखेला, वरच्या चार रकमा चार ओळींत, कागदांची यादी, पंधरा दिवसांची मुदत. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल आणि स्पीड पोस्टनं पोचपावतीसह प्रत. वकील लागत नाही. धमक्या, विशेषणं आणि ‘सोशल मीडियावर टाकीन’ हे नको. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

तडजोडीचा कागद

कंपनी ‘गुडविल’ म्हणून काही रक्कम किंवा पुढच्या सर्व्हिसचं कूपन पुढे करील. कूपन घेऊ नका. ज्यांनी भिंत फोडली त्यांनाच परत घरात बोलावण्याचा तो परवाना आहे. रक्कम घ्यायची तर सोबतचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असं लिहिलेलं असेल आणि गैरसोयीचा हिशेब बाकी असेल, तर सही करू नका. फक्त दुरुस्तीचे पैसे घेत असाल तर ‘दुरुस्ती खर्चापोटी, इतर मागण्यांचे हक्क राखून’ असं स्वतःच्या हातानं लिहा आणि मगच सही. विम्याचा दावा चालू असेल तर विमा कंपनीला न विचारता कसलाही हक्क सोडू नका. पैसे दिल्यावर नुकसान करणाऱ्याकडून वसुली करायचा अधिकार विमा कंपनीकडे जातो आणि तो तुम्ही आधीच सोडून दिलेला असेल तर तुमचाच दावा अडचणीत येतो.

आयोगात जायची वेळ आली तर

मुदत दोन वर्षं, कारण घडल्यापासून. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. सेवेसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. इथे तुम्ही मागितलेली भरपाई नाही, दिलेली किंमत बघतात. ती पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. कायद्यात निकालाला तीन ते पाच महिन्यांची मुदत आहे, पण तेवढ्यात निकाल लागेल या भरवशावर काही आखू नका.

निकाल तुमच्या बाजूनं लागूनही पैसे आले नाहीत तर अंमलबजावणीचा अर्ज करायचा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम ७२ मध्ये आहे. कंपनीला राज्य आयोगात अपील करायचं असेल तर ४५ दिवसांत करावं लागतं आणि त्याआधी आदेशातली निम्मी रक्कम भरावी लागते. त्यामुळे रक्कम माफक असेल तर बऱ्याच कंपन्या अपिलाच्या भानगडीत न पडता चेक पाठवतात.