शेजारी बांधकाम काढलंय? आधी सामाईक भिंतीचे फोटो काढून ठेवा

शेजारच्यांचा पहिला हातोडा पडायच्या आधी आपल्या बाजूच्या भिंतीचे फोटो काढा. नुसता लांबून एक फोटो पुरत नाही. जुनी भेग असेल तिथे मोजपट्टी धरून जवळून काढा, आणि भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. पुढे भेग त्या रेघेपलीकडे सरकली तर वाद घालावा लागत नाही, भिंतच सांगते. शक्य असेल तर हे फोटो शेजाऱ्यांनाही पाठवा. त्यांनाही ते सोयीचंच, कारण जुन्या भेगांचं खापर त्यांच्यावर फुटत नाही.

मग सरळ जाऊन विचारा: भिंतीत पाइपासाठी झिरी मारणार का? बीम टेकवणार का? पायालगत खोदणार का? पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर झिरी किती खोल, तेवढं ठरवून घ्या. बाकी दोन्हींपैकी काहीही असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका. ठेकेदाराचं 'काही होत नाही हो' इथे चालत नाही.

प्लास्टरवरच्या केसाएवढ्या भेगांनी घाबरू नका. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि रुंदावत जाणारी भेग, किंवा कालपर्यंत नीट लागणारं दार अचानक अडकणं, हे मात्र गंभीर. काम तिथेच थांबवायला सांगा. ठरलेलं सगळं मेसेजवर लिहून घ्या, संबंध कितीही घरोब्याचे असले तरी.